वाढलेल्या प्रोस्टेटसाठी लेसर, वाफ की रक्तवाहिनीतून उपचार? निर्णयासाठी मार्गदर्शन हवे

गोदाकाठ

नमस्कार. माझे वय ६६ असून मी नाशिकला राहतो. गेली काही वर्षे लघवीची धार बारीक झाली आहे, सुरुवात व्हायला वेळ लागतो, रात्री वारंवार उठावे लागते आणि लघवी करून आल्यावरही ओटीपोट मोकळे झाल्यासारखे वाटत नाही. टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड यांची एकत्रित गोळी दोन वर्षांपासून चालू आहे. पहिल्या वर्षी चांगला उतार पडला, पण आता त्रास पुन्हा वाढला आहे. ताज्या सोनोग्राफीत प्रोस्टेट ६२ ग्रॅमचे, त्याचा मधला खंड मूत्राशयात १२ मिलिमीटर शिरलेला आणि लघवीनंतर आत उरणारे मूत्र १४० मिलिलिटर, अशी नोंद आहे. पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारा घटक, तो वाढला तर कर्करोगाची शक्यता तपासतात) २.९ आहे आणि अहवालात ते मर्यादेत असल्याचे छापले आहे. मला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. काही महिन्यांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवल्यामुळे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी दोन्ही औषधे सुरू आहेत.

येथील मूत्रविकारतज्ज्ञांनी होल्मियम लेसरने, म्हणजे होलेप पद्धतीने, शस्त्रक्रिया सुचवली आहे. मुंबईतील एका इंटरव्हेंशनल रेडिओलॉजिस्टांनी (रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन उपचार करणाऱ्या तज्ज्ञांनी) प्रोस्टेटच्या रक्तवाहिन्या बंद करण्याचा उपचार सुचवला असून त्यात भूल द्यावी लागत नाही, असे सांगितले. अमेरिकेत असलेला माझा पुतण्या वाफेच्या उपचाराचा, म्हणजे रेझूमचा, आग्रह धरतो आहे. तिन्ही ठिकाणी आपापल्या उपचाराचे फायदे मला समजले, परंतु माझ्यासारख्या रुग्णाने या तिन्हींची तुलना कोणत्या निकषांवर करावी, हे कोणी सांगितले नाही. ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कृष्णातीर

काका, माझ्या वडिलांची सांगलीत दुर्बिणीतून नेहमीची शस्त्रक्रिया, म्हणजे टीयूआरपी, झाली त्याला आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मणक्यात भूल दिली होती, लघवीची नळी तिसऱ्या दिवशी काढली, काही आठवडे लघवीतून अधूनमधून रक्त दिसले आणि त्यानंतर आजपर्यंत त्यांना एकही गोळी लागलेली नाही. नवीन उपचारांच्या चर्चेत ही जुनी शस्त्रक्रिया वाईट असल्याचा समज होतो, तो बरोबर नाही. आपल्या यादीत ती नसल्याने मुद्दाम लिहिले.

निवृत्त_शल्यक

मी मूत्रविकार शल्यचिकित्सक म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. येथे लिहिलेले तपासणीची जागा घेऊ शकत नाही, परंतु आपण विचारलेले निकष मी सांगू शकतो.

सर्वांत आधी पीएसएविषयी लिहितो, कारण आपल्या मजकुरातील तीच गोष्ट मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड सहा महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास रक्तातील पीएसए साधारण निम्म्यावर येते. त्यामुळे दोन वर्षे हे औषध घेणाऱ्या रुग्णाचा आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. आपले २.९ हे सुमारे ५.८ समजावे लागेल. प्रयोगशाळेला आपण कोणते औषध घेता हे ठाऊक नसते, म्हणून ती सरसकट मर्यादा छापते. ५.८ म्हणजे कर्करोग असे मुळीच नाही. वाढलेल्या प्रोस्टेटमुळेही पीएसए तेवढे असू शकते. मात्र कोणताही उपचार ठरवण्यापूर्वी बोटाने तपासणी, प्रोस्टेटचा एमआरआय आणि गरज भासल्यास बायोप्सी यांविषयी आपल्या डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्या. आपल्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. होलेप किंवा टीयूआरपीमध्ये काढलेला प्रोस्टेटचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला जातो आणि काही वेळा लपलेला कर्करोग तेथे सापडतो. वाफ, रक्तवाहिनी बंद करणे किंवा युरोलिफ्ट (टाचण्यांचा उपचार, त्याविषयी पुढे लिहितो) यांत तपासायला काहीच बाहेर येत नाही. म्हणून हे उपचार निवडणाऱ्याने आधीची तपासणी अधिक काटेकोरपणे करून घेतली पाहिजे.

दुसरा प्रश्न मूत्राशयाचा आहे. धार बारीक होण्याची कारणे दोन असू शकतात: पुढचा मार्ग अरुंद झालेला असतो किंवा मागून ढकलणारा मूत्राशयाचा स्नायूच थकलेला असतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांत दुसरे कारण बरेचदा आढळते आणि युरोफ्लोमेट्रीच्या, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजणाऱ्या चाचणीच्या, आलेखावरून या दोहोंतील फरक ओळखता येत नाही. सेकंदाला १० मिलिलिटरपेक्षा कमी वेग दिसला तर अडथळ्याची शक्यता वाढते, एवढेच त्यातून समजते. स्नायू किती दाब निर्माण करतो हे युरोडायनॅमिक तपासणीत मोजता येते. ती थोडी त्रासदायक असते, बारीक नळी घालावी लागते, तरी आपल्या परिस्थितीत मी ती टाळली नसती. स्नायू अगदी दुबळा असेल तर उत्तम लेसर शस्त्रक्रियेनंतरही रुग्ण निराश होतो आणि दोष मात्र शस्त्रक्रियेला दिला जातो.

तिसरा निकष आकार आणि घडण यांचा. मूत्राशयात १० मिलिमीटरहून अधिक शिरलेला मधला खंड लघवीच्या वेळी झडपेसारखा तोंडावर बसतो. युरोलिफ्टमध्ये छोट्या टाचण्यांनी दोन्ही बाजूंचे खंड बाजूला ओढून धरतात. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हाच्या मूळ चाचणीत असा अडवणारा मधला खंड असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. रेझूमच्या चाचणीत ते घेतले होते आणि मधल्या खंडातही वाफ सोडता येते. तो उपचार प्रामुख्याने ३० ते ८० मिलिलिटर आकारासाठी तपासला गेला आहे, त्यामुळे आपले प्रोस्टेट त्या मर्यादेत बसते. होलेपला आकाराची वरची मर्यादा जवळजवळ नाही. संत्र्याची साल जागेवर ठेवून आतला गर सोडवून घ्यावा तसा वाढलेला भाग लेसरने आवरणापासून वेगळा करतात आणि मूत्राशयात ढकलून, बारीक करून बाहेर काढतात.

‘कमी चिरफाड’ या शब्दांनी रुग्ण आश्वस्त होतो, ते स्वाभाविक आहे. त्यामागचा व्यवहार मात्र समजून घ्यावा. कमी रक्तस्राव, कमी भूल आणि लवकर घरी जाणे हे आज मिळते. त्याच्या बदल्यात सुधारणा काहीशी कमी असते आणि पुढे पुन्हा उपचार लागण्याची शक्यता वाढते. युरोलिफ्टच्या पाच वर्षांच्या पाठपुराव्यात १३.६ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, रेझूमच्या तेवढ्याच काळात ४.४ टक्के रुग्णांना. या चाचण्या निवडक रुग्णांवर होतात, हेही लक्षात ठेवावे. वयाच्या ८४ व्या वर्षी हा व्यवहार एका तऱ्हेने पटतो आणि ६६ व्या वर्षी दुसऱ्या तऱ्हेने.

रानजाई

डॉक्टरांनी ८४ चा उल्लेख केला आणि माझे सासरे नेमके त्याच वयाचे आहेत, म्हणून लिहिते. त्यांचे हृदय कमकुवत असल्याने भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेला नकार दिला होता आणि ते कायमची नळी व पिशवी घेऊन वावरत होते. दर महिन्याला नळी बदलणे, त्यातून होणारे संसर्ग आणि त्यामुळे घराबाहेर न पडण्याचा त्यांनी केलेला निश्चय हे सारे आम्ही जवळून पाहिले आहे. शेवटी पुण्यात त्यांच्यावर रक्तवाहिनीतून उपचार केला. जांघेत फक्त तेवढ्या जागेपुरते इंजेक्शन देऊन बारीक नळी प्रोस्टेटच्या रक्तवाहिनीपर्यंत नेली आणि अत्यंत सूक्ष्म कण सोडून दोन्ही बाजूंचा रक्तपुरवठा बंद केला. त्याला बराच वेळ लागला, कारण म्हाताऱ्या माणसाच्या रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या आणि कडक झालेल्या असतात. नंतर काही दिवस लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे आणि थोडा ताप होता. नळी लगेच काढता आली नाही. पहिला प्रयत्न फसला, पण पुढच्या महिन्यात ती निघाली आणि आता ते स्वतः लघवी करतात. धार जोरदार नाही, तरी नळी सुटली यातच आमचे समाधान आहे.

गोदाकाठ, हा उपचार आमच्यासाठी वरदान ठरला, परंतु आमच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. आपल्यापुढे तो आहे.

एअरव्हॅली

मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहते. माझ्या यजमानांवर येथील सरकारी आरोग्यसेवेत रेझूम उपचार झाला. येथे नाइस ही संस्था कोणता उपचार कोणासाठी योग्य, याची मार्गदर्शक सूचना काढते. तिने २०१८ मध्ये प्रोस्टेटच्या रक्तवाहिन्या बंद करण्याच्या उपचाराबद्दल आणि २०२० मध्ये रेझूमबद्दल अनुकूल मत दिले, त्यामुळे दोन्ही येथे उपलब्ध आहेत.

प्रत्यक्ष उपचार अगदी थोड्या वेळात झाला. प्रत्येक ठिकाणी सुमारे नऊ सेकंद वाफ सोडतात. मात्र पुढच्या आठवड्यांविषयी कोणी पुरेसे बजावत नाही, म्हणून लिहिते. वाफेने मेलेल्या पेशी शरीर हळूहळू शोषून घेते, त्यामुळे सुरुवातीला सूज येऊन लघवी आणखी अडते. नळी घेऊनच घरी यावे लागले, ती निघाल्यावरही कित्येक आठवडे घाईची लघवी आणि जळजळ होती, आणि खरा आराम तिसऱ्या महिन्याच्या सुमारास जाणवला. त्यांचे प्रोस्टेट ४५ मिलिलिटरचे होते व आत उरणारे मूत्र फारसे नव्हते. त्यांनी रेझूम निवडले त्याचे मुख्य कारण वैवाहिक जीवनाशी संबंधित होते आणि त्या बाबतीत काहीही बदल झालेला नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पीएसएविषयी वाचल्यावर मी लगेच डॉक्टरांची वेळ घेतली असून एमआरआय आणि युरोडायनॅमिक तपासणी दोन्ही ठरली आहेत.

एअरव्हॅली यांनी जो विषय मोकळेपणाने काढला, त्याबद्दल मलाही विचारायचे होते. होलेपनंतर वीर्य बाहेर येत नाही, असे एका वाक्यात सांगितले गेले. याचा पुरुषत्वावर परिणाम होतो का? दुसरा प्रश्न असा की क्लोपिडोग्रेल बंद केल्याशिवाय लेसर शस्त्रक्रिया करता येते, असे मी ऐकले आहे. ते खरे आहे का?

निवृत्त_शल्यक

पहिल्या प्रश्नाबद्दल आपल्याकडे दवाखान्यातही मोकळेपणाने बोलले जात नाही आणि त्यामुळे अनेक जोडप्यांना विनाकारण मनस्ताप होतो. होलेप आणि टीयूआरपी या दोहोंनंतर साधारण चारपैकी तिघांमध्ये वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जाते. ताठरता, इच्छा आणि तृप्तीची भावना बहुतेकांमध्ये कायम राहते. ज्यांना अजून अपत्य हवे आहे त्यांच्यासाठी हा गंभीर मुद्दा आहे. इतरांनी पत्नीशी बोलून त्याचे महत्त्व आपापले ठरवावे. युरोलिफ्ट आणि रेझूममध्ये हा बदल क्वचित होतो. रक्तवाहिनीच्या उपचारात तो मुळीच होत नाही, असे काही ठिकाणी सांगतात, ते मात्र अचूक नाही. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथे त्या उपचाराची टीयूआरपीशी थेट तुलना झाली आणि २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात वीर्यस्खलनातील बदल टीयूआरपीनंतर ८४ टक्के आणि रक्तवाहिनीच्या उपचारानंतर ५६ टक्के रुग्णांनी नोंदवला होता. त्याच चाचणीत बारा आठवड्यांनी लक्षणांचा गुणांक दोन्ही गटांत जवळपास सारखा उतरला, पण धारेचा वेग टीयूआरपीनंतर सेकंदाला सुमारे १५ मिलिलिटरने आणि रक्तवाहिनीच्या उपचारानंतर सुमारे ५ मिलिलिटरने वाढला. दोन वर्षांच्या आत रक्तवाहिनीचा उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाला शेवटी टीयूआरपी करावी लागली. रानजाई यांच्या कुटुंबाला जे हवे होते ते मिळाले, कारण नळी सुटणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. आपल्या मूत्राशयात १४० मिलिलिटर उरते आणि मधला खंड तोंडावर बसला आहे, म्हणून आपण धारेचा वेग आणि रिकामे होणे याला अधिक महत्त्व द्यावे, असे माझे मत आहे.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. लेसरमध्ये रक्तस्राव कमी होतो आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णांवरही अनुभवी शल्यचिकित्सक होलेप करतात. परंतु नुकताच स्टेंट बसवलेल्या रुग्णाने क्लोपिडोग्रेल स्वतःहून किंवा केवळ मूत्रविकारतज्ज्ञाच्या सांगण्यावरून कधीही थांबवू नये. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेतू शकते आणि प्रोस्टेटची शस्त्रक्रिया सहसा काही महिने थांबू शकते. हृदयविकारतज्ज्ञांकडून लेखी सल्ला घ्या. ॲस्पिरिन तर बहुधा चालूच ठेवतात.

विमाविचार

मी आरोग्यविम्याच्या दाव्यांचे काम पाहतो. उपचार ठरवताना विम्याचा मुद्दा शेवटी आठवतो आणि मग धावपळ होते, म्हणून आधीच लिहितो. प्रोस्टेटची वाढ हा आजार ठरावीक प्रतीक्षाकाळ असलेल्या आजारांच्या यादीत असतो. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत तो काळ २४ महिन्यांचा आहे. त्याच पॉलिसीत आधुनिक उपचारांची वेगळी यादी आहे आणि त्यांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंतच भरपाई मिळते. हिरव्या किंवा होल्मियम लेसरने केलेले प्रोस्टेटचे बाष्पीकरण त्या यादीत आहे. होलेपमध्ये प्रोस्टेटचा भाग सोडवून काढतात, त्याची वाफ करत नाहीत. तरीही विमा कंपनी तो त्याच कलमात बसवू शकते. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या बंद करण्याचा उपचार यादीत नावानिशी आहे, प्रोस्टेटच्या रक्तवाहिन्यांचा नाही. त्यामुळे रुग्णालयाकडून उपचाराचे नेमके नाव, खर्चाचा लेखी अंदाज आणि एकदाच वापरण्याच्या साधनांची किंमत वेगळी मागून घ्या व दाखल होण्यापूर्वी कंपनीची मंजुरी मिळवा. वाफेसारखे उपचार त्याच दिवशी घरी पाठवतात. ते डे-केअर म्हणून मान्य आहेत का, हेही विचारून घ्यावे.

माळरान

कृपया एक विचारतो. गोखरूच्या काढ्याने आमच्या गावातील काही जणांना बरे वाटले आहे. काकांनी शस्त्रक्रियेआधी काही महिने तो घेऊन पाहायला काय हरकत आहे?

निवृत्त_शल्यक

सौम्य लक्षणे असलेल्या रुग्णाने आपल्या वैद्यांच्या देखरेखीखाली काही घेतले तर माझी तक्रार नाही. या आजारात लक्षणे आपोआप कमीजास्त होतात, त्यामुळे कोणत्याही औषधाने बरे वाटल्याचा अनुभव प्रामाणिक असू शकतो. मात्र वारंवार संसर्ग, मूत्राशयात खडा, लघवीतून पुन्हापुन्हा रक्त, लघवी पूर्ण बंद होणे किंवा मूत्रपिंडांवर सूज यांपैकी काही असेल तर वाट पाहण्यात मूत्रपिंड गमावण्याचा धोका असतो. गोदाकाठ यांनी मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि त्यांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन पाहिले असेलच. नसेल तर तेवढे लगेच पाहावे.

गोदाकाठ

तपासण्या झाल्या. क्रिएटिनिन ठीक आहे, मूत्रपिंडांवर सूज नाही. एमआरआयमध्ये संशयास्पद भाग दिसला नाही, म्हणून डॉक्टरांनी तूर्त बायोप्सी न करता पीएसए ठरावीक काळाने पाहायचे ठरवले आहे. युरोडायनॅमिक तपासणीत मूत्राशयाचा स्नायू भरपूर दाब निर्माण करतो आणि तरीही धार कमी पडते, म्हणजे अडथळाच खरा आहे, असे निघाले. हे ऐकून मला फार हायसे वाटले. हृदयविकारतज्ज्ञांनी स्टेंटला वर्ष पूर्ण होईपर्यंत दोन्ही औषधे चालू ठेवायला आणि त्यानंतर केवळ ॲस्पिरिनवर शस्त्रक्रिया करायला लेखी संमती दिली आहे.

मी आणि पत्नीने एकत्र बसून विचार केला. वीर्याच्या बदलाचे आम्हा दोघांना काही वाटत नाही. आणखी काही वर्षांनी, हृदय आजच्यापेक्षा अशक्त असताना, पुन्हा टेबलावर जावे लागू नये ही आमची सर्वांत मोठी इच्छा आहे. मधला खंड आणि उरणारे मूत्र लक्षात घेता आम्ही होलेप निश्चित केले आहे. वय अधिक असते, स्नायू दुबळा निघाला असता किंवा भूल देणे धोक्याचे असते तर मी दुसरा निर्णय घेतला असता, हे मला आता नीट कळते. शल्यचिकित्सकांना आणखी काय विचारावे आणि मधल्या काळात कोणती काळजी घ्यावी?

निवृत्त_शल्यक

विचारपूर्वक निर्णय घेतलात. होलेप शिकायला कठीण असल्याने हातावर फार अवलंबून आहे. त्यांनी स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, नियमितपणे करतात का आणि त्यांच्या रुग्णांत लघवीवर ताबा न राहण्याचे प्रमाण किती, हे संकोच न करता विचारा. खोकताना किंवा उठताना थोडी लघवी निसटण्याचा त्रास होलेपनंतर काही आठवडे, क्वचित काही महिने राहू शकतो. त्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच सुरू करा, फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतले तर अधिक चांगले.

मधल्या काळात सध्याच्या गोळ्या सोडू नका. सर्दीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका, कारण त्यांतील स्युडोएफेड्रिन आणि क्लोरफेनिरामिन यांसारख्या घटकांनी लघवी अचानक पूर्ण अडू शकते. लांबच्या प्रवासात लघवी रोखून धरू नका, संध्याकाळनंतर पाणी बेताने प्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर टॅमसुलोसिन चालू असल्याचे नेत्रशल्यचिकित्सकांना आधीच सांगा, कारण या औषधाने बाहुलीभोवतीचा पडदा शस्त्रक्रियेत सैल पडतो आणि त्यांना वेगळी तयारी ठेवावी लागते. लघवी कधी पूर्ण बंद झालीच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता जवळच्या रुग्णालयात जाऊन नळी घालून घ्या, आणि त्या वेळी स्टेंट व दोन्ही औषधांची माहिती असलेला कागद सोबत ठेवा.